पुढच्या बैठकीत काय गायचं आणि काय नाही

बाहेर पाऊस धो धो पडतोय आणि तरीही तुम्ही एवढे जण आलात. नालासोपाऱ्याला पाणी भरलंय म्हणून काही जण वाटेतून परतले असतील, त्यांच्या वाटणीचंही तुम्हीच ऐका.

संयोजकांनी आम्हांला विषय दिला होता ‘वसईची लोकगीते’. हा विषय पाऊण तासात कोणी सांगू शकेल असं आम्हांला वाटत नाही, म्हणून आम्ही तो परस्पर लहान केला. गेली काही वर्षं आमची गाण्याची एक मासिक बैठक चालते. कधी कोणाच्या ओटीवर, कधी वाडीत, कधी शाळेच्या वर्गात. तिच्या येत्या काही महिन्यांच्या कार्यक्रमांचा कागद आम्ही नुकताच तयार केला. त्या कागदाबद्दल आज बोलणार आहोत. ही जाहिरात झाली असं कोणी म्हणेल. थोडी आहेच. पण तो एका पानाचा कागद करायला आम्हांला तीन संध्याकाळी लागल्या आणि त्यातली एक संध्याकाळ तर सरळसरळ भांडणात गेली. भांडण कशावरून झालं ते सांगितलं, की लोकगीत म्हणजे काय हे बरंचसं सांगून होईल.

आम्ही कोणी अभ्यासक नाही. एक निवृत्त शिक्षिका, एक बँकेतले, दोघे वाडीवाले, एक परिचारिका, रेल्वेत नोकरी करणारे एक जण, अशी आमची मंडळी. बैठकीची कल्पना आली ती इंग्लंडहून. हसू नका. आमच्यातले एक जण कामानिमित्त तिकडे काही महिने होते. गावातल्या पबच्या माडीवर दर आठवड्याला लोकगीतांचा क्लब भरायचा, तिथे ते जायला लागले. दारावर एक कागद चिकटवलेला असायचा: पुढच्या महिन्यात कुठल्या तारखेला कोण पाहुणा गायक, आणि कुठल्या तारखेला पाहुणा नाही, म्हणजे ज्याला वाटेल त्याने उठून गायचं. माइक नाही. स्टेज नाही. खर्च दारावरच्या वर्गणीतून आणि मध्यंतरातल्या सोडतीतून. त्यांना मौज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. पाहुण्याच्या दिवशीसुद्धा आधी क्लबातलेच दोनचार जण गायचे, आणि ध्रुपद आलं की सगळी खोली गायची. कोणी त्यांना ‘आता तुम्ही म्हणा’ असं सांगत नसे. लोकांना ते ठाऊकच असायचं.

हे क्लब काही फार जुने नाहीत बरं का. विसाव्या शतकाच्या पन्नाशी-साठीत ते तिकडे गावोगाव निघाले. त्याच्या आधीची गोष्ट सेसिल शार्प या संगीतशिक्षकाची. १९०३ साली सॉमरसेटमधल्या एका खेड्यात त्यांनी एका माळ्याला काम करताना गाणं म्हणताना ऐकलं आणि ते टिपून घेतलं. तिथून पुढे त्यांनी इंग्लंड-अमेरिकेत मिळून जवळजवळ पाच हजार चाली जमवल्या. पण पहिल्या दिवशी त्यांनी काय केलं, ते आमच्या कामाचं आहे. माळ्याकडून घेतलेल्या गाण्याला त्यांनी पियानोची साथ बसवली आणि त्याच संध्याकाळी एका शिकलेल्या गायिकेकडून ते म्हणवून घेतलं. गाण्याला पहिल्यांदाच सूटबूट चढला, असं तिथे कोणीतरी म्हणाल्याचं सांगतात. शार्प यांच्या कामाबद्दल आम्हांला आदर आहे. पण सूटबूट चढवण्याची हौस आम्हांलाही होती आणि ती आमच्या अंगाशी आली.

झालं असं. सुरुवातीच्या दिवसांत आम्ही एक हॉल घेतला. खुर्च्या, माइक, पाठीमागे बॅनर. गासच्या एका मावशींना बोलावलं. लाल लुगडं, अंगावर दागिने, सत्तरीच्या पुढचं वय. लग्नाची गाणी त्यांच्या तोंडात अशी बसलेली की मांडवात त्या असल्या तर दुसऱ्या कोणी पुढे व्हायचं नाही. आम्ही त्यांना खुर्चीवर बसवलं, पुढे माइक ठेवला. मावशींनी पहिली ओळ म्हटली आणि थांबल्या. लोकही थांबले. मावशींनी तीच ओळ परत म्हटली, परत थांबल्या. इकडे तिकडे पाहिलं. लोकांना वाटलं गाणं संपलं. टाळ्या पडल्या. मावशी उठून खाली आल्या.

त्यांचा विसर पडला, वय झालं, असं आम्ही धरून चाललो. आमच्यातल्या एकाने तर सांत्वनही केलं. बाहेर ओट्यावर बसल्यावर मावशी म्हणाल्या, “बाय, मागून कोणी म्हटलंच नाय. मग पुढचं कसं येणार?” त्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या घरी, स्वैपाकघरात, शेजारच्या तीन बाया होत्या. तिथे मावशी दीड तास गायल्या. एकदाही अडल्या नाहीत.

हे नीट समजून घ्यायला हवं. आपल्याकडे पोवाड्यात, गोंधळात झील धरणारे असतात, झिलकरी. शाहीर एक ओळ टाकतो, झिलकरी ती उचलतात. आपल्याला वाटतं, ते आवाज वाढवायला असतात. लग्नाच्या गाण्यातली मागून म्हणणारी बाई याहून मोठं काम करते. ती ओळ परत म्हणते तेवढ्या वेळात पुढची बाई पुढची ओळ जुळवते. कारण ते गाणं पाठ केलेलं नसतं, निदान सगळं नसतं. चाल ठरलेली, पहिली खूण ठरलेली, पण आत नवऱ्याचं नाव, त्याच्या आईचं नाव, मामाचं, आत्याचं, कोणाच्या वाडीतलं पाणी आणलं, कोणी आहेर केला, हे सगळं त्या त्या घराप्रमाणे भरायचं असतं. आमच्या हॉलमध्ये नवरा नव्हता, त्याची आई नव्हती आणि मागून म्हणणारीही नव्हती. मावशींनी गाण्यात भरायचं काय? आम्ही त्यांना गाणं म्हणायला सांगत होतो आणि गाणं ज्यातून तयार होतं ते सगळं काढून घेतलं होतं.

तेव्हापासून बैठकीचे दोन नियम झाले. पहिला, गाणाऱ्याबरोबर निदान तीन झीलकरणी आल्याच पाहिजेत, आणि त्यांचा प्रवासखर्च, चहा, बिदागी मुख्य गायिकेइतकीच. दुसरा, ज्याच्या घरी बैठक त्याच्या घरातली नावं गाण्यात घ्यायची. आधी लोक लाजतात. आपल्या आजीचं नाव गाण्यात आलं की मग मात्र कोपऱ्यात मोबाइल बघत बसलेला नातूसुद्धा मान वर करतो.

आता कागदाकडे येऊ.

पहिली बैठक श्रावणात, नारळी पौर्णिमेच्या आसपास, कोळी गाण्यांची. इथे फार थांबत नाही, कारण कोळीगीतं तुम्हांला ठाऊक आहेत. किंवा ठाऊक आहेत असं वाटतं. आमच्याकडे फर्माईश येते ती हमखास रेडिओवरच्या कोळीगीतांची, आणि ती लिहिलीत शांता शेळके यांनी, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. उत्तम गाणी आहेत, आम्हीही गुणगुणतो. पण त्यांच्या खाली ‘पारंपरिक’ असं लिहू नका एवढंच म्हणणं. पाचूबंदरच्या, अर्नाळ्याच्या बाया जी म्हणतात त्यांत लग्नं आहेत, बाजार आहे, वादळात न परतलेल्या बोटी आहेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत घरात माणसं असतात, जाळी विणायची कामं असतात. तेव्हा गाणी ऐकायला जायचं ते या दिवसांत. बंदी उठली, बोटी निघाल्या, की गायला कोणाला सवड? म्हणून श्रावणाच्या तोंडावरची तारीख.

भाद्रपदात बैठक नाही. ज्यांच्याकडे गणपती-गौरी, ते आपापल्या घरी नाचतात-गातात, तेच चांगलं.

दुसरी बैठक भात पिकल्यावर. ही वसईच्या पूर्वेला, पारोळ-भाताण्याच्या अंगाला, वारली पाड्यावर, तारप्याची. आता तारपा म्हटलं की सगळ्यांना वारली चित्रातला तो गोल डोळ्यांपुढे येतो. मधे वाजवणारा, भोवती हातात हात गुंफलेल्या माणसांचं वेटोळं. जिव्या सोमा मशे यांच्यामुळे ते चित्र जगभर गेलं, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि आज ते चित्र पडद्यांवर, पिशव्यांवर, स्टेशनच्या भिंतींवर असतं. पण त्या चित्राला आवाज येत नाही. तारपा वाळलेल्या दुधीचा, खाली बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा, जोडायला मेण. वाजवणारा श्वास तोडत नाही. गालात हवा धरून नाकाने आत घेत राहतो, तास तास. चाल बदलली की पावलं बदलतात. नाचणाऱ्यांना ‘आता बदला’ असं कोणी ओरडून सांगत नाही, तारपा सांगतो. म्हणजे इथे झील धरायची ती पायांनी.

तारप्यालाही ऋतू आहे. भात पिकायला लागलं की तो बाहेर निघतो आणि दिवाळीच्या दिवसांत भरात असतो. धान्याची देवता कणसरी, तिची गोष्ट घांगळीवर सांगतात, तीही सुगीलाच. बारमाही वाजवायची ही वस्तू नव्हेच. आणि तरी बारमाही वाजते. एका रिसॉर्टच्या दारात मे महिन्याच्या उन्हात पाहुण्यांच्या स्वागताला तारपेवाले उभे केलेले आम्ही पाहिलेत. दहा मिनिटं वाजवलं, फोटो झाले, मग त्यांनी पुढच्या गाडीची वाट बघत बसायचं. पोटासाठी ते वाजवतात, त्यांना आम्ही काय नावं ठेवणार? पैसे मिळाले हे बरंच झालं. पण दहा मिनिटांत एकही चाल बदलत नाही, आणि चाल बदलली नाही तर तारपा ऐकलाच नाही म्हणायचं. जव्हारजवळच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना तारपावादनासाठी संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला. घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं वाद्य त्यांनी उभा जन्म वाजवलं. अशा माणसाच्या वाद्याला दहा मिनिटं? आमच्या कागदावर या बैठकीची सुरुवातीची वेळ लिहिली आहे, संपण्याची लिहिलेली नाही. शेवटची लोकल पकडायची असेल त्यांनी स्वतःची गाडी आणू नये, मुक्कामाला या. अंथरूण आम्ही देऊ.

डिसेंबरमध्ये नाताळ, त्यात गाण्याला तोटा नाही. आम्ही बाजूला बसतो.

तिसरी बैठक जानेवारीत, ख्रिस्ती लग्नगीतांची. जानेवारीच का? आगमनकाळात आणि उपवासकाळात आपल्याकडे लग्नं लावत नाहीत. म्हणजे नाताळ झाला की राखेच्या बुधवारापर्यंत जो काही काळ मिळेल त्यात लग्नांची एकच झुंबड. गास, निर्मळ, नंदाखाल, वाघोलीपासून पापडी-माणिकपूरपर्यंत एकाच रविवारी किती मांडव असतात ते तुम्हीच मोजा. पूर्वी मांडव घालण्यापासून आहेर-पाठवणीपर्यंत लग्न कित्येक दिवस चालायचं आणि प्रत्येक कामाला त्याचं गाणं होतं. मांडवाचं वेगळं, दळणाचं वेगळं, विहिरीवरून उंबराचं पाणी आणायचं वेगळं. आता लग्न हॉलमध्ये, पाण्याला बँड, रात्री डीजे. डीजेला आमचा विरोध नाही, आमच्याही घरच्या लग्नात होता. पण डीजे लागला की दहा वाजेपर्यंत दुसऱ्या कोणाचा आवाज ऐकू येत नाही, आणि दहानंतर पोलीस येतात. मावशींनी गायचं कधी?

शिवाय गाण्याची बोली. सामवेदी ख्रिस्ती मंडळींची कादोडी घ्या. तीत ‘स’चा ‘ह’ होतो, सासूची ‘हाहू’ होते. मराठी शाळेत असं बोललं की पोरं हसायची. मग मराठी शाळा सुटली, इंग्रजी आली, आता नातवंडांना ना ती हसू येण्याइतकी कळते, ना गाण्याइतकी. वसई-विरार शहराची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत १२ लाखांच्या वर होती, आज तर बघायलाच नको. त्यात ही बोली घरात बोलणारे किती उरले असतील याचा अंदाज तुम्हीच करा. कागदावर उतरवून ठेवायचं काम चालू आहे, आणि ते व्हायलाच हवं. महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यातल्या कितीतरी आज कोणालाही घरबसल्या ऐकता येतात. जातं गेलं, गिरणी आली, तरी ओव्या हाती राहिल्या. आम्ही मात्र दुसरं काम धरलंय. रेकॉर्ड केलेली मावशी पुढच्या लग्नात नव्या नवऱ्याचं नाव घालू शकत नाही. ते करणारी एखादी पोरगी प्रत्येक गावात असावी, एवढाच आमचा प्रयत्न. आजपर्यंत अशा दोन तयार झाल्यात. दोन.

आता भांडणाची गोष्ट.

कागदावर चौथी जागा एप्रिल-मेची होती, ‘लग्नाचे धवळे’ अशी. वारली लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते. धवलेरी म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी बाई. सवासणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात, त्यात पालघट देवी, आणि धवलेरी गाण्यातून देवांना बोलावते. तिच्या गाण्याने एकेक विधी पुढे सरकतो. ती गायली म्हणून लग्न लागतं. आगरी समाजातही धवलारीण असते, तिथेही धवले तीच म्हणते. आणि हा शब्द किती जुना! तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या महदंबेने रिद्धपूरला धवळे रचले, तेही लग्नाचेच. गोविंदप्रभूंनी लग्नाचा हट्ट धरला आणि तिने गाणं म्हटलं. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून आपण तिचं नाव घेतो. म्हणजे मराठीत बाईचं पहिलं नाव आपल्याला मिळतं ते लग्नातल्या गाण्याबरोबर, आणि तो शब्द आजही वसईच्या पूर्वेला एखाद्या पाड्यावर चालता-बोलता आहे. हे कळल्यावर आम्ही असे हरखलो, की ‘धवळे: महदंबेपासून आजपर्यंत’ अशी बैठक ठरवूनच टाकली. पोस्टरही डोक्यात तयार.

मग आम्ही दोघे-तिघे पाड्यावर एका धवलेरीकडे आमंत्रण द्यायला गेलो. तिने चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. आणि विचारलं, लग्न कोणाचं आहे?

आम्ही म्हटलं, लग्न नाही, कार्यक्रम आहे.

ती म्हणाली, मग देवांना बोलावून त्यांना सांगू काय?

आम्ही परत आलो ते गाडीत कोणी बोललं नाही. भांडण झालं ते दुसऱ्या दिवशी. एक बाजू म्हणाली, तिची नातसून गाणी शिकत नाहीये. आज ऐकली नाहीत, रेकॉर्ड केली नाहीत, तर दहा वर्षांनी हे राहणार नाही. तिला समजवा, जास्त बिदागी द्या, हवं तर खोटं लग्न मांडा, बाहुला-बाहुलीचं. दुसरी बाजू म्हणाली, चर्चमध्ये लग्नाची प्रार्थना होते ती आपण हॉलमध्ये नमुना म्हणून म्हणू का? लग्नाचे मंत्र म्हणणाऱ्या भटजींना ‘दोन मिनिटं सप्तपदी करून दाखवा’ असं सांगू का? मग तिला का सांगायचं? तिची गाणी लोकगीतं आणि आपले ते विधी, हे कोणी ठरवलं?

हा प्रश्न आम्हांला अजून बोचतो. ‘लोकगीत’ हा शब्द आपण बाहेरून चिकटवतो. तिच्या लेखी ते गाणं नाहीच, ते काम आहे. आम्ही इतके दिवस काय शिकत होतो? गाण्याला त्याची वेळ असते, त्याची झील असते. मग ज्याची झील देवांनी धरायची असते ते गाणं आमच्या ओटीवर कसं येणार? पण पहिल्या बाजूचं म्हणणंही खोडता येत नाही. नातसून खरंच शिकत नाहीये.

शेवटी जे ठरलं ते दोघांनाही पुरतं पटलेलं नाही, आणि ते तसंच कागदावर गेलंय. चौथ्या जागेवर लिहिलंय: ‘बैठक नाही.’ त्याखाली बारीक अक्षरांत: पाड्यावर लग्न असेल आणि घरच्यांनी बोलावलं, तर पाच-सहा जणांनी जायचं, आहेर घेऊन, मोबाइल खिशात ठेवून. धवलेरीला आम्ही विचारलं, असं चालेल का. ती म्हणाली, या की, जेवून जा. तिच्या नातसुनेला आम्ही काही म्हटलं नाही. ते आमचं काम आहे का, यावर पुन्हा एक संध्याकाळ गेली असती.

एक प्रश्न राहतो, तो बैठकीत हमखास येतो. कोणी कोणाचं गाणं गावं? इंग्लंडात यावरही मोठा वाद झाला होता. युअन मॅकॉल या गायकाच्या क्लबात नियमच होता: ज्याने त्याने आपल्या भाषेतलं, आपल्या मुलखातलं गावं. लंडनच्या पोराने अमेरिकन कैद्यांची गाणी गाऊ नयेत. खूप लोक चिडले, अजूनही चिडतात. आमच्याकडे वाडवळ मुलगी कोळी गाणं म्हणते, कोळी मुलगा कादोडीत म्हणतो, चुकतो, मावशी हसून दुरुस्त करतात. आम्हांला यात काही वावगं वाटत नाही. असा नियम वसईत चालायचाही नाही. इथे एका विहिरीवर चार जातीधर्मांच्या बाया पाणी भरत होत्या, चाली इकडच्या तिकडे गेल्याच असणार. शिवाय एक इंग्रजच, फादर थॉमस स्टीफन्स, गोव्यात बसून मराठी ओव्या रचून गेला. त्याचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं, जवळजवळ ११ हजार ओव्यांचं. त्याला ‘तू तुझ्या मुलखातलं गा’ असं कोणी म्हटलं असतं तर आपलंच नुकसान होतं. आमचा नियम एवढाच, की ज्यांचं गाणं, ते समोर बसलेले असावेत. ते हसले तर हसू द्यावं. ते गप्प झाले तर थांबावं.

पैशाचं थोडक्यात. दारात एक स्टीलचा डबा असतो. त्यात जे पडेल ते आधी झीलकरणींना, मग गाणाऱ्याला, मग चहाला. उरलं तर सतरंज्यांचं भाडं. गेल्या वर्षी दोनदा उरलं. प्रायोजक घेतले नाहीत, कारण प्रायोजक आला की बॅनर येतो, बॅनर आला की स्टेज येतं, आणि मग मावशी पुन्हा खुर्चीवर.

फेब्रुवारी-मार्चमध्येही कागद रिकामा आहे. चर्चकडे उपवासकाळ, आगरी-कोळी-वारली वस्त्यांत शिमगा. एकीकडे गाणं बंद, दुसरीकडे इतकं की आमची गरज नाही. होळीला ज्यांना यायचं त्यांनी सांगा, आम्ही जाणारच आहोत.

श्रावणातल्या बैठकीबद्दल शेवटचं. जागा पाचूबंदरला एका घराच्या पडवीत, चाळीसहून जास्त माणसं मावत नाहीत. वसई स्टेशनवरून बस मिळते, रिक्षावाले पावसात जास्त मागतात, आधी ठरवून बसा. संध्याकाळी पाचला सुरू. सुरुवातीला गाणारी बाय दोन ओळी म्हणेल आणि थांबेल. तेव्हा टाळ्या वाजवू नका. शब्द कळले नसले तरी ऐकू आलं तसं म्हणा, ती पुढे सरकेल. आणि हो, नाव देताना घरातल्या एका बाईचं नावही लिहून द्या, आईचं, आजीचं, कोणाचंही. ते गाण्यात लागणार आहे. कागद दाराशी ठेवलेत, जाताना घेऊन जा.